डब्यातले तीन दिवे

मुलीच्या हळदीला आठ दिवस राहिले होते आणि मिक्सर गेला. गेला म्हणजे दोन सेकंदच. दिवाळे गावात खाडीच्या अंगाला माझा गाळा आहे, तिथे सकाळी सगळं जोडून मी चाचणी घेत होतो. बत्तीस चॅनेलचे सगळे दिवे एकदम विझले, स्पीकरमधून धप्प असा आवाज आला आणि माझी शिवी पूर्ण व्हायच्या आत सगळं पुन्हा उजळलं, जसं काही झालंच नाही.

मी साऊंडवाला. दुसऱ्याच्या खांद्यावरचे भोंगे वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज गाळा माझा, टेम्पो माझा, स्पीकर माझे. कामाला हल्ली डिजिटल मिक्सर नेतो. तो बॅगेत मावतो. हा जुना मात्र दोघांनी उचलायचा. घरातल्या जेवणाच्या टेबलाएवढा. त्याला भिंतीतली वीज थेट चालत नाही. आधी ती एका वेगळ्या लोखंडी डब्यात जाते, डबा ती मिक्सरला सोसेल अशी करतो आणि मनगटाएवढ्या जाड केबलने पुढे पाठवतो. डब्यावर तीन बारके दिवे आहेत. ते पेटले की डबा शाबूत.

सहा वर्षं तो कोपऱ्यात झाकून ठेवला होता. वर्षातून एकदा, दसऱ्याला, कापड काढायचं, पूजा करायची, पुन्हा झाकायचं. एवढंच.

"पप्पा, एका दिवसाचा प्रश्न हाय," मुलगी म्हणाली. "नवीन आहे ना तुमच्याकडं? तो लावा. कशाला टेन्शन घेता?"

"धवलारीन त्या नव्यावर पत्र्यासारखी वाजते," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. आमच्यात हळदीला धवलारीण लागते. देवांना, पितरांना, खाडीला नावानं हाका मारत ती धवले गाते, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं वाटतं. आमच्या गावात आता एकच उरली आहे. वय सांगत नाही, विचारलं तर चिडते. तिचा आवाज या जुन्या मिक्सरमधून आला की अंगणात कुणी जुनं माणूस येऊन बसल्यासारखा येतो.

पण खरं कारण मी घरात सांगितलं नाही. तिचा आवाज या मिक्सरवर तो लावायचा. तो म्हणजे माझा भागीदार. अकरा वर्षं सोबत होता आणि सहा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमातून उठून गेला. मला वाटत होतं की मिक्सर नीट चालला आणि म्हातारी गायली, तर निदान तेवढा वेळ तो तिथे बसलाय असं वाटेल. आवाज तरी त्याचा असेल.

*

तो पनवेलच्या बाजूचा, कोकणी मुसलमान. रेडिओ दुरुस्तीपासून आलेला. मी त्याला मास्तर म्हणायचो, तो मला दादूस. धंद्यात आमची कामं वाटलेली होती: तोंड माझं, कान त्याचे.

मिक्सर आम्ही मिळून घेतला. चेंबूरकडे एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद होत होता, त्याचं सामान विकायला काढलेलं. आमची एक ठरलेली रीत होती. मी मालकाशी बोलत राहायचं, मास्तरने माल तपासायचा, आणि माल जितका चांगला तितकं तोंड वाईट करून बाहेर यायचं. त्यावरून मी समजायचो किती ताणायचं ते. त्या दिवशी तो बॅटरी तोंडात धरून टेबलाखाली शिरला, पाऊण तासाने बाहेर आला. तोंड असं की घरात मयत झालीय.

"दादूस, चल घरी," तो म्हणाला. "याचा काय उपयोग नाय."

मालक बिचारा उभ्या उभ्या भाव उतरवत गेला. शेवटी सौदा ठरला तरी मी हटलो नाही. "ते ठीक, पण वर काय देताय?" मालकाने वैतागून टेबलाचा खण ओढला आणि त्या जाड केबलचा एक सुटा कनेक्टर माझ्या हातात आदळला. पितळी, जड, आत सात पिना. "हे न्या आणि माझा जीव सोडा."

मला वाटलं, काय करायचंय हे? मी तो मास्तरकडे टाकला. टेम्पोत बसल्यावर वाशीचा पूल येईपर्यंत तो गप्प होता, मग एकदम हसायला लागला. खाडी दिसली तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "अरे, असा मिक्सर आपल्या नशिबात हाय हे मला माहीत नव्हतं. आत साधी धूळपण नाय रे!"

कार्यक्रमात तो मिक्सरवर बसायचा आणि मी मंडपाच्या टोकाला, शेवटच्या खांबाशी उभा राहून हातवारे करायचो. तळवा वर म्हणजे वाढव, दोन बोटं खाली म्हणजे कमी कर. तो माझं क्वचितच ऐकायचा. मी बोटं खाली करकरून दमायचो आणि तो गंभीरपणे मान हलवून काहीच करायचा नाही. मग घरी जाताना भांडण, आणि भांडताना जाणवायचं की त्याचंच बरोबर होतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. धंद्यात असं सांगत नसतात.

*

आता तो गेला त्या दिवसाचं सांगतो. एका मोठ्या घरची हळद होती, दुपारची वेळ. मी रेट भरपूर लावला होता आणि तो घासाघीस करून टिकवलाही होता, त्यामुळे नवरीचा काका माझ्यावर टपून होता. धवलारीण गायला बसली आणि मिक्सर गेला. आला. ती पुढच्या देवावर पोचली, परत गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, आमच्याकडनं पैसे वाजवून घेतलेत, आता तुमचं वाजवा की!"

लोक हसले. माझं डोकं फिरलं. मी तरातरा मास्तरकडे गेलो. तो खाली वाकून डब्याकडे बघत होता.

"डब्याचे तिन्ही दिवे चालू हायत," तो शांतपणे म्हणाला. "डबा बरोबर हाय, फॉल्ट पुढं हाय. दोन मिनिटं दे मला, केबल बघतो."

"दोन मिनिटं? माझी अब्रू चालली आणि तू दिवे बघतोस? ऊठ. हात लावू नको माझ्या मिक्सरला!"

तो उठला. कानावरचे हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली, मिक्सरवर ठेवली आणि पाहुण्यांमधून वाट काढत निघून गेला. सगळ्यांच्या देखत. मला तिथे तसं सोडून.

म्हातारी मात्र थांबली नव्हती. माईक बाजूला सारून ती गातच होती. नंतर मला म्हणाली, "तुजा डबा बंद परला तं परला, माजा गला नाय परला. तू बोंबललास, म्हनून कोनला आयकू नाय आला."

पुढे महिनाभर मी तयारीत होतो. मिक्सर अर्धा त्याचा. तो वाटा मागायला येणारच, आणि आला की काय काय बोलायचं ते मी गाळ्यात फेऱ्या मारत पाठ करत होतो. भर कार्यक्रम सोडून जाणाऱ्याला वाटा कसला, असं पहिलं वाक्य. तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, सगळं तयार. दोन घटका तरी भांडण चाललं असतं, मग चहा झाला असता.

तो आलाच नाही. सीवूड्सला स्टेशनजवळ त्याने एक चिंचोळं दुकान टाकलं, होम थिएटर आणि स्पीकर दुरुस्तीचं. सहा वर्षं मी तिथून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेलो. चूक त्याची, पलीकडून मी का जायचं, हे दर वेळी मनात यायचं आणि मी तरी पलीकडूनच जायचो.

*

आठ दिवसांतले पहिले तीन मी आधी विजेवर संशय घेण्यात घालवले. गाळ्याचा मीटर, वायरिंग, प्लग. नवीन स्टॅबिलायझर आणून लावला. मिक्सर दोन तास सरळ चालला, मी खूश होऊन खुर्ची मागे सरकवली आणि तो गेला. मग जनरेटरवर लावून बघितला. तासभर चालला, गेला. डबा उघडला, पंखा साफ केला, आतली वीज मीटरने मोजली, तर सगळे आकडे जिथल्या तिथे. असला दोष सगळ्यात वाईट. कायमचा बंद पडला तर सापडतो. हा आपण बघायला लागलो की शहाण्यासारखा चालतो.

चौथ्या दिवशी मी मोजणं सोडलं आणि डब्यासमोर जमिनीवर बसून राहिलो. बराच वेळ. मिक्सर गेला तेव्हा मी मिक्सरकडे नव्हतो बघत, डब्याकडे बघत होतो. तिन्ही दिवे चालू होते.

डबा बरोबर हाय, फॉल्ट पुढं हाय.

त्याने हे सहा वर्षांपूर्वी पाच सेकंदांत सांगितलं होतं. मी उठून खुर्चीची जागा बदलली तेव्हा पाय केबलला लागला आणि मिक्सर पुन्हा विझला. हाताने केबल हळूच वर धरली, उजळला. सोडली, विझला. खुर्ची. स्टॅबिलायझर लावला तेव्हाही खुर्चीच सरकवली होती मी.

वीज बंद करून डब्याच्या मागचा कनेक्टर फिरवला. फिरेना. पक्कड लावून जोर केला तेव्हा करकरत सुटला, आणि त्याच्या कडेवरून लाल भुगा खाली पडला. आधी वाटलं गंज. बोटावर घेतला, वास घेतला.

कुंकू होतं.

पितळी कड्याच्या आट्यांमध्ये, पिनांच्या मुळाशी, हळद आणि कुंकवाचे थर बसले होते, नारळाच्या पाण्याने दगडासारखे झालेले. त्याखाली तांबं हिरवं पडलं होतं. दोन पिना तर खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या.

 हे कुणी केलं ते शोधायला लांब जायला नको होतं: माझाच हात. दसऱ्याला मिक्सरला मी पाच बोटं कुंकवाची लावायचो आणि डब्याला जास्तच, कारण वीज तिथून येते, जीव तिथे आहे असं माझं म्हणणं. नारळ फोडला की पहिलं पाणी डब्यावर.

मास्तर होता तेव्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो यायचा. सगळं सामान ब्रशने झाडायचा, स्पिरिटने पुसायचा, आणि जाताना डब्याच्या कनेक्टरला दुधाची धुतलेली पिशवी गुंडाळून वर रबर लावायचा. पूजेला हजर असायचा, प्रसाद घ्यायचा, आपट्याचं पान माझ्या खिशात कोंबायचा. दुसऱ्या दिवशी येऊन पिशवी काढायचा. दहा वर्षं मी ती पिशवी बघितली आणि काही बोललो नाही. शेवटच्या दसऱ्याला, सकाळपासून कुठल्यातरी गिऱ्हाइकावर चिडलेला होतो, ती पिशवी डोळ्यांत खुपली.

"देवापासून झाकतोस काय?" मी म्हणालो आणि ओढून काढली. "माझ्या देवाचा विटाळ होतो का तुझ्या पिनेला?"

त्याने पिशवीची घडी करून खिशात ठेवली. त्यानंतर तीनच महिन्यांनी ती काकाच्या घरची हळद आली.

*

सीवूड्सला गेलो तेव्हा पहिल्यांदा दुकानाच्या बाजूने गेलो. तो काउंटरमागे एका स्पीकरच्या पोटात वाकलेला होता. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड. मी केबलसकट कनेक्टर काउंटरवर ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आधी कनेक्टर उचलला. उलटा केला. नखाने खरवडला.

"किती दसरे?" त्याने विचारलं.

"सहा."

"सात. एक माझ्यासमोरचा."

मी बाहेर रस्त्याकडे बघत होतो. माफी हा शब्द माझ्या तोंडात कधी बसला नाही. मी म्हणालो, "तू तेव्हा बोलायचं होतंस."

"कधी? पूजेत? का मग 'माझा मिक्सर' म्हणालास तेव्हा?"

"आणि तू काय केलंस? सगळ्यांसमोर मला सोडून गेलास. काम अर्धं टाकून. अकरा वर्षांत असं कुणी करतं?"

"नाय करत," तो म्हणाला. "घरी पोचलो तेव्हा समजलं. पण वायर गुंडाळून ठेवली होती ना, आता परत कसं यायचं?"

हे ऐकून मला राग यायला हवा होता. अजूनही मी म्हणतो, त्याने तसं जायला नको होतं. माझी एवढी चूक, तशी त्याचीही एवढी. पण त्याने खालचा खण उघडला, फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पितळी कनेक्टर, सात पिना, चकचकीत. त्या स्टुडिओच्या मालकाने वर दिलेला.

"किती?" मी विचारलं. सवय.

तो चष्म्यावरून बघत राहिला आणि त्याने असं तोंड केलं की घरात मयत झालीय. "माल बेकार हाय, दादूस. याचा काय उपयोग नाय."

मला हसू आलं. तो तिथेच जुना तोडून नवा जोडायला लागला. मी केबल धरून उभा राहिलो. सोल्डरचा धूर आमच्या दोघांच्या मधून जात होता.

"पोरीची हळद हाय सोमवारी," मी म्हणालो. "धवलारीन येते. तू बस मिक्सरवर."

त्याचा हात थांबला नाही. "नाय बसनार."

"अजून राग आहे?"

"राग कसला. कान गेले." त्याने सोल्डरची बंदूक खाली ठेवली आणि उजव्या कानाला बोट लावलं. "हा तर बंदच. डाव्यात वरचं नाय येत. झांज नाय, मंजिरी नाय, तुझ्या म्हातारीच्या आवाजातली ती धार नाय. लोकांचे स्पीकर मी हात लावून दुरुस्त करतो, पडद्यावर बोट ठेवून. असा मानूस मिक्सरवर बसवशील तर लोक तुझं परत वाजवतील."

मी पुष्कळ सौदे केले आहेत. समोरचा नाही म्हणाला की तो किती नाही आहे ते मला कळतं. हे नाही पूर्ण होतं. सहा वर्षं मी त्याच्याशी काय काय भांडायचं ते जपून ठेवलं होतं, आणि तो तिकडे एक एक आवाज घालवत बसला होता. त्यातली काही वर्षं तरी तो आमच्या मिक्सरवर बसला असता. तेव्हा कान होते.

"निदान ये," मी म्हणालो. "पाहुना म्हणून."

"बघतो," तो म्हणाला आणि कनेक्टर फुंकून माझ्या हातात दिला. मग खिसे चाचपले, काउंटरखाली शोधलं, आणि दुधाची एक धुतलेली पिशवी नि रबर वर ठेवलं. "हे तुझं वरचं."

*

सोमवारी दुपारी मांडवात मिक्सरवर मी बसलो. चॅनेलखाली चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर त्याच्या अक्षरातली नावं अजून होती: ढोलकी, बँजो, मंजिरी, आणि एकावर नुसतं 'म्हातारी'. डब्याचे तीन दिवे चालू होते. केबलला धक्का लागू नये म्हणून मी ती टेबलाच्या पायाला बांधली होती.

धवलारीण गायला लागली. पहिली हाक गावदेवीला. मी 'म्हातारी'चा फेडर, आवाज कमीजास्त करायची सरकती कळ, वर नेला, जरा जास्तच नेला, भीतीपोटी. मान वर केली तर मांडवाच्या टोकाला, शेवटच्या खांबाशी, तो उभा होता. माझ्या जागी. इस्त्रीचा सदरा, हातात पाकीट, आहेराचं असावं.

त्याने हात वर केला. दोन बोटं खाली.

त्याला काय ऐकू येत होतं मला माहीत नाही. बहुतेक म्हातारीचे हलणारे ओठ दिसत असतील आणि माझा घाबरलेला चेहरा. कदाचित खांबाला टेकलेल्या तळव्यात तिचा आवाज येत असेल. मी फेडर केसभर खाली घेतला. त्याने मान हलवली, बोटं पुन्हा खाली केली. मी अजून केसभर घेतला. तेव्हा तिचा आवाज खाली बसला आणि स्वच्छ झाला, तसाच, अंगणात कुणी जुनं माणूस येऊन बसावं तसा. बायका बोलायच्या थांबल्या. मुलीने हळदीने माखलेलं तोंड माझ्याकडे वळवलं.

मिक्सर एकदाही गेला नाही. धवला मोठा असतो, सगळ्या पितरांना बोलवून होईपर्यंत वेळ लागतो. ती थांबली तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं. पाकीट मुलीच्या हातात होतं.

म्हातारी उठताना माझ्यापाशी आली. "बरा लावलास आज," ती म्हणाली. मग जरा वाकून, खालच्या आवाजात, "मास्तर आलता ना रं? मना वाटलाच. जेवला का त्यो?"

"नाय," मी म्हणालो. "गेला."

"मंग तू जा की त्याच्याकडं जेवान घेऊन," ती म्हणाली. "बसलास काय?"

लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाळ्यात सामान आवरलं. कनेक्टरला पिशवी गुंडाळली, रबर लावलं. सगळे फेडर शून्यावर आणले. म्हातारीचा तेवढा जिथे होता तिथेच राहू दिला. मग टेम्पोची चावी घेतली, जेवणाचा डबा घेतला आणि सीवूड्सकडे निघालो.